वाचनाची कसोटी केवळ आवाजावर नको

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट ठेवून केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. उद्दिष्टपूर्तीचे वर्ष ठरले २०२६-२७, आणि तिसरीच्या मुलासाठी लक्ष्य ठरले मिनिटाला किमान साठ शब्द अर्थासह वाचण्याचे. उद्दिष्ट रास्तच आहे. मात्र या मोजपट्टीवर स्वमग्न मुलाचे वाचन नेमके कसे मोजायचे, हा प्रश्न सोडवल्याखेरीज ‘प्रत्येक मूल’ हे शब्द खरे ठरणार नाहीत.

वाचन ही एक नव्हे, दोन कौशल्यांची जोड आहे: अक्षरांवरून शब्द ओळखणे आणि त्या शब्दांचा अर्थ लावणे. स्वमग्न मुलांत ही जोड अनेकदा विषम असते. एखादे मूल चौथ्या वर्षीच दुकानांच्या पाट्या घडाघडा वाचते, पण गोष्टीतला मुलगा का रडला हे त्याला सांगता येत नाही. दुसरे मूल बोलतच नाही. पण ‘पाणी’ हा शब्द दाखवला की पेल्याच्या चित्रावर अचूक बोट ठेवते. मोठ्याने वाचून घेणारा परीक्षक पहिल्याला उत्तीर्ण करील आणि दुसऱ्याला निरक्षर ठरवील. दोन्ही निर्णय चुकीचे असतील आणि दोन्ही मुले आवश्यक त्या मदतीला मुकतील.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात एक जुनी परंपरा दिसते. ज्याचे नाव कायद्यात नाही, त्याची तरतूदही होत नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या यादीत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली, पण दिव्यांगांच्या हक्कांच्या मुख्य कायद्यात ती आली २०१६ साली, एकवीस प्रकारांच्या यादीत. त्याच कायद्याचे १७ वे कलम दिव्यांग विद्यार्थ्यांच्या गरजेनुसार अभ्यासक्रमात व परीक्षापद्धतीत बदल करण्यास सांगते. म्हणजे कायदा आता अपुरा नाही. त्याचा अर्थ वर्गापर्यंत पोहोचलेला नाही.

वर्गात करावयाच्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा, म्हणजे पुढे काय होणार या धास्तीत मुलाची शक्ती खर्च होत नाही. काना-मात्रा-वेलांटीची ओळख ठरावीक क्रमाने आणि एका वेळी थोडी करून द्यावी. ज्याला आगगाड्यांचे वेड आहे, त्याचे पहिले पुस्तक आगगाड्यांचेच असावे. प्रत्येक वाक्यानंतर चित्र निवडून, कार्ड उचलून किंवा कृती करून अर्थ दाखवण्याची मुभा द्यावी. घरची भाषा वेगळी असेल तर अर्थाची चर्चा आधी त्या भाषेत व्हावी.

परंतु हे करून घेणारे माणूस हवे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात विशेष शिक्षकांचे प्रमाण निश्चित करण्यास केंद्र सरकारला सांगितले; त्यानंतर प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढील स्तरावर पंधरामागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरले. अनेक शाळांचा भार एकाच फिरत्या शिक्षकावर टाकून ते साधणार नाही. प्रशासनात घालवलेल्या वर्षांच्या आधारे सांगतो, मंजूर पद नसेल तर उत्तम परिपत्रकही फाइलीतच राहते.

म्हणून राज्यांनी तीन गोष्टी कराव्यात. विशेष शिक्षकांची नियमित पदे निर्माण करून भरावीत. वाचनचाचणीत न बोलता उत्तर देण्याचा पर्याय सर्वत्र ठेवावा आणि शब्दओळख व आकलन यांचे गुण वेगळे नोंदवावेत. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत मदत थांबवू नये. प्रमाणपत्राला विलंब लागतो आणि सहा-सात वर्षांच्या मुलाचे एक वर्ष फार मोठे असते.

आकडे उद्या सुधारतील. ते कोणाला वगळून सुधारले, हे विचारणे आपले काम आहे.