कोऱ्या जागेचे मोल

शिशाच्या खिळ्यांच्या काळात छापखान्यातील जुळारी दोन शब्दांमध्ये अक्षर नसलेला शिशाचा बुटका तुकडा बसवीत असे. कोरी जागाही तेव्हा हाताला लागत होती. संगणक आला आणि तिचे वजन नाहीसे झाले. तिची जबाबदारी मात्र संपली नाही.

संगणकाच्या लेखी कोरी जागा एकाच प्रकारची नसते. नेहमीची जागा ओळ संपताच शब्दांना विलग होऊ देते, तर अभंग जागा त्यांना एकत्र राखते. ‘रु.’ एका ओळीच्या अखेरीस आणि रक्कम पुढील ओळीच्या आरंभी, ही फारकत पहिलीच्या सरसकट वापरातून होते. याखेरीज शून्य रुंदीची, डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूणही आहे. मराठीचा खरा प्रश्न तेथे सुरू होतो.

लातूरकरांना परिचित असलेल्या ‘बालाघाटच्या दऱ्या’ घ्या. ‘दऱ्या’मधील अर्धा र पुष्कळदा या अदृश्य खुणेच्या आधारे उमटवला जातो. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना अनावश्यक समजून ती पुसली गेली, की दऱ्यांचा ‘दर्या’ होतो आणि मराठवाड्यात समुद्र अवतरतो! यावर हसता येईल. परंतु शालेय पोषण आहाराच्या एखाद्या आदेशात ‘आचाऱ्यांना मानधन’ याऐवजी ‘आचार्यांना मानधन’ उमटले, तर लेखापालाने कोणाचे नाव लिहावे? हिंदीच्या लेखनात असा र लागत नाही. म्हणून केवळ हिंदी मजकुरावर तपासलेल्या प्रणालीत हा दोष दिसणारच नाही.

यावर उपाय आहे. ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरल्यास त्या अदृश्य खुणेची गरजच उरत नाही. मात्र दोन्ही रीती चालू राहिल्या, तर दिसायला सारखा असलेला शब्द संगणक भिन्न मानू शकतो आणि शोधणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती काहीच लागत नाही. १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आणि दोन्ही जिल्ह्यांतील कार्यालयांनी एकच रीत ठरवावी, टंकलेखकांना ती शिकवावी आणि प्रणाली खरेदी करण्यापूर्वी अशा शब्दांवर तिची परीक्षा घ्यावी. आज काटकसर करतो एक आणि भुर्दंड सोसतो दुसरा.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. त्या गौरवाची कसोटी समारंभात नाही; रोजच्या कागदावरील एका न दिसणाऱ्या खुणेत आहे.