दोन इंचांची गादी

दिवाळीच्या अंकातले हे पान दरवर्षी एखाद्या गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी ठेवायचे, असा माझा आणि माझ्या वाचकांचा आता अलिखित करारच झाला आहे. माणूस लेखक असला की मला सोपे जाते. मराठी शिकवणारी बाई कवीविषयी दोन शब्द बोलली तर कोणी भुवया उंचावीत नाही. पण यंदा मी लिहिणार आहे एका खासदाराविषयी, आणि त्याला कारण आहेत माझे आजोबा.

खासदार म्हणजे प्राध्यापक मधू दंडवते. त्यांची जन्मशताब्दी 2024 साली होऊन गेली. जन्म 21 जानेवारी 1924चा, अहमदनगरचा. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवीत. बेचाळीसच्या चळवळीत होते, 1955 साली गोव्याच्या सत्याग्रहात तुकडी घेऊन गेले. म्हणजे कोकणचे नव्हेत, पण कोकणच्या वेशीपर्यंत आधीच येऊन पोहोचलेले! 1971च्या जानेवारीत बॅरिस्टर नाथ पै अकाली गेले आणि राजापूर मतदारसंघ पोरका झाला. नाथांचे वक्तृत्व ऐकलेल्या लोकांसमोर दुसऱ्या कोणी उभे राहून बोलायचे म्हणजे भीमसेनांच्या मागून गायला बसण्यासारखेच. दंडवते उभे राहिले आणि निवडून आले. तिथून पुढे 1977, 1980, 1984, 1989, असे ओळीने पाच वेळा.

आमचे आजोबा कणकवलीजवळच्या एका वाडीत राहत. नाथांना त्यांनी 1957पासून मत दिले होते, पुढे ते तसेच दंडवत्यांकडे वळले. त्यांच्या दृष्टीने मत हे कुळाचारासारखे होते. देव बदलला तरी नारळ ठरलेला!

आता गादीचे सांगते. रेल्वेचा तिसरा वर्ग 1974 साली बंद झाला. बंद झाला म्हणजे डब्यावरचा आकडा बदलला. तीनाचे दोन झाले, पण आत बाकडे लाकडाचे ते लाकडाचेच. त्या फळीवर रात्र काढलेली माणसे आपल्या घराघरांतून अजून आहेत. त्यांना विचारा. वळकटी नसली तर सकाळी उतरताना बरगड्या मोजून घ्याव्या लागत. 1977 साली जनता सरकार आले आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या झोपायच्या बाकांवर दोन इंचांची गादी बसवायला सुरुवात केली. विचार साधा होता. पहिल्या वर्गाची गादी काढून घेऊन समता आणायची नाही, दुसऱ्या वर्गाला गादी देऊन आणायची. समाजवादावर मी पुष्कळ जाडजूड पुस्तके चाळली आहेत. पण पाठीला कळलेला समाजवाद हा एवढाच. त्याच वर्षीच्या 26 डिसेंबरला मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. त्या गाडीला पहिला वर्गच नव्हता. 1974च्या संपात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, त्या रेल्वे कामगारांनाही त्यांनी परत कामावर घेतले. एवढे सगळे सव्वादोन वर्षांत, कारण 1979च्या जुलैत ते सरकारच गेले.

मंत्री होण्याआधी हा माणूस तुरुंगात होता. 1975च्या जूनमध्ये संसदीय समितीच्या कामासाठी बंगलोरला गेले असताना आणीबाणी आली आणि तिथेच त्यांना पकडले. पुढे प्रमिलाताईही पकडल्या गेल्या. त्या येरवड्याला, हे बंगलोरच्या तुरुंगात. लग्नाला वीसाहून अधिक वर्षे झालेले जोडपे, दोन राज्यांतल्या दोन गजांआड, आणि मध्ये ये-जा करणारी पत्रे. त्यांवर तुरुंगाधिकाऱ्यांची नजर पडायची हे दोघांनाही ठाऊक. तरी लिहीत राहिली. कोणा तिऱ्हाइताने आधी वाचलेले पत्र नवऱ्याच्या हातात पडणार हे मनाशी धरून लिहायला काय धीर लागत असेल, याचा मी कधीकधी विचार करते. पुढे प्रमिलाताई 1980 साली स्वतः मुंबईतून लोकसभेत गेल्या. त्यांच्यावर खरे म्हणजे वेगळे पान लिहायला हवे.

असो. कोकण रेल्वेकडे येते. आमच्या लहानपणी गावी जायचे म्हणजे परळहून संध्याकाळची एस. टी., घाटातली वळणे आणि आईच्या हातातली आवळासुपारीची डबी. रेल्वे येणार, रेल्वे येणार, हे आजोबांनी उमेदीच्या वयापासून ऐकलेले. 1989च्या डिसेंबरात दंडवते अर्थमंत्री झाले, रेल्वे जॉर्ज फर्नांडिसांकडे गेली, आणि इतकी वर्षे पैशाअभावी अडलेले गाडे हलले. (त्याच अर्थमंत्र्यांच्या काळात, 1990 साली, सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला. आमच्या आईला त्यांच्या कारकिर्दीतले एवढेच पक्के आठवते!) केंद्र आणि चार राज्ये यांनी मिळून पैसा घालायचा, महामंडळाने कर्जरोखे काढायचे, अशी तोड निघाली. 1990च्या जुलैत कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, 15 सप्टेंबरला रोह्याला पायाभरणी झाली, आणि नोव्हेंबरात सरकार पडले.

1991च्या उन्हाळ्यात पुन्हा निवडणूक. मी दहा वर्षांची, सुट्टीला गावी. आजोबा धुवट धोतर नेसून मतदानाला निघाले. परत आले ते ओटीवर न बसता थेट मागच्या पडवीत गेले. आजीने विचारले, तर म्हणाले, दगड रोह्याला बसला, आमच्या दारात काय आले? आणि गप्प झाले. तेव्हा मला काही कळले नाही. त्या निवडणुकीत दंडवते पडले.

लोकशाहीत हे चालायचेच, असे आपण म्हणतो. मला मात्र त्यातले दुःख मोठे वाटते. ज्या रेल्वेसाठी माणसाने वीस वर्षे एकच गोष्ट लावून धरली, तिच्यासाठी डोंगर फुटायला लागले आणि नेमके तेव्हाच लोक म्हणाले, पुरे आता. त्यात लोकांचेही सगळेच चुकले असे मी म्हणणार नाही. आश्वासन ऐकताऐकता ज्यांची हयात गेली, त्यांना पायाभरणीचा दगड दिसायचा कुठून?

1998च्या 26 जानेवारीला रोह्यापासून मंगलोरजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग पुरा झाल्याचा सोहळा झाला. त्या मे महिन्यात आजोबांना घेऊन आम्ही प्रथमच गाडीने मुंबईला निघालो. दुसऱ्या वर्गाचा डबा. बाबांनी त्यांना खालचा बाक दिला. आजोबांनी आधी अंगठ्याने गादी दाबून पाहिली. मग बसले. बोगदे आले, नद्या आल्या, चिपळूण मागे गेले, डब्यात घोरणे सुरू झाले, तरी हे आपले ताठ बसलेले. मी म्हटले, "आजोबा, आडवे व्हा ना."

खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, "जेका मत देवक नाय, तेच्या गादयेर निजाचा कसा?"

तेव्हा मला पडवीतली ती दुपार आठवली. मी सतरा वर्षांची होते. काय बोलावे ते सुचले नाही. पनवेलपर्यंत ते तसेच बसून राहिले.

दंडवते 12 नोव्हेंबर 2005 रोजी मुंबईत गेले. दिवाळी नुकतीच आटोपली होती. आजोबा दंडवत्यांहून वर्षाने धाकटे, म्हणजे तेव्हा ऐंशीचे. मी फोन केला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो अंत्ययात्रा किती वाजता निघणार, हा. मी सांगितले, अंत्ययात्रा स्मशानात जायचीच नाही; त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला द्यायचा आहे, विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी. आजोबा सोवळेओवळे मानणारे, तर्पणाला पळी-पंचपात्र स्वतः घासून घेणारे. मला वाटले, नाक मुरडतील. थोड्या वेळाने म्हणाले, "मास्तर तो. शेवटपर्यंत मास्तर."

2009च्या निवडणुकीला मी गावी होते. मतदारसंघांची फेररचना होऊन राजापूर हा लोकसभेचा मतदारसंघ उरला नव्हता, रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा नवा झाला होता. चौऱ्याऐंशीच्या आजोबांना मी हाताला धरून केंद्रावर नेले. वाटेत रुळांखालचा बोगदा लागतो. वरून गाडी चालली होती, मुंबईची. आजोबा थांबले, शेवटचा डबा जाईपर्यंत मान वर करून उभे राहिले, आणि मग म्हणाले, चल, उशीर होता.