निवड बागायतदाराची, कोरडवाहूला नुसते पाकीट?



आपली पोरे कामधंद्यासाठी ठाणे-कल्याणकडे गेली. त्यांच्या खोलीवर मुक्काम पडला की आम्ही नौपाड्याच्या बाजारातून एक फेरी मारतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये फळाच्या गाडीवर गिऱ्हाईक नाव घेऊन द्राक्षे मागते, 'सोनाका आहे का?' किराणा दुकानात ज्वारीच्या पोत्यावर 'माळदांडी' लिहिलेले असते आणि तिचा भाव गव्हापेक्षा वर असतो. मग कापडाच्या दुकानात शिरा. सदऱ्याचा कापूस कोणत्या वाणाचा, हे दुकानदाराला ठाऊक नसते. आणि खरे बोलायचे तर पिकवणाऱ्यालाही ठाऊक नसते, कारण पाकिटावरचे नाव दर दोन-तीन वर्षांनी बदलते.

एकाच महाराष्ट्रातली ही तीन पिके. दोघांना नाव आहे, तिसरे बेनाम. असे का झाले, याचा हिशेब या बैठकीत मांडायला हवा.

द्राक्षापासून सुरुवात करू. थॉम्सन सीडलेस हे वाण परदेशातून आले. तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी बागेतली वेगळी वेल हेरली आणि 'तास-ए-गणेश' उभी राहिली. सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी लांब मण्यांची 'सोनाका' निवडली. हे काम प्रयोगशाळेने केले नाही, शेतकऱ्याच्या नजरेने केले. सरकारचे द्राक्ष संशोधन केंद्र पुण्याजवळ मांजरीला १९९७ मध्ये आले. पाणी आटले, जमिनीत खार वाढला, तेव्हा बागायतदारांनी 'डॉगरिज' खुंटावर कलमे बांधली. आभाळ बदलले की वाण बदलायचे, खुंट बदलायचा, हे त्यांना कळले.

हे फक्त आपल्याकडचे नाही. स्पेनच्या कातालुनिया प्रांतात तोरेस नावाचे द्राक्षबागांचे जुने घराणे आहे. १९८० च्या दशकापासून त्यांनी शेतकऱ्यांना जाहीर आवाहने केली, 'तुमच्या बांधावर अनोळखी जुनी वेल असेल तर कळवा.' त्या शोधातून 'फोर्काडा' ही विस्मृतीत गेलेली वेल सापडली. ती उशिरा पिकते आणि उन्हातही आपली आंबट चव धरून ठेवते. वाढत्या उष्म्यात तिकडे अशाच वेलींना आता किंमत आली आहे. जे जुने म्हणून टाकून दिले, तेच उद्याला उपयोगी पडले.

आता आपल्या शिवाराकडे वळू. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस कोसळला आणि सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मराठवाड्यातला कापूस पाण्यात उभा राहिला. एका साली खंड, दुसऱ्या साली पूर. अशा आभाळाखाली तग धरणारे वाण निवडायचे कोणी? बागायतदार निवडतो. कोरडवाहू शेतकरी कृषी सेवा केंद्रात जातो आणि दुकानदार देईल ते पाकीट उचलतो!

पूर्वी असे नव्हते. देश स्वतंत्र झाला तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस देशी होता. नांदेड-परभणीकडची गावराणी, हिंगणघाटची बनी ही नावे परदेशातल्या बाजारात माहीत होती. १९७० मध्ये गुजरातेत सुरतेहून 'एच-४' हे संकरित वाण आले, २००२ मध्ये बीटी आले. आम्ही तंत्रज्ञानाचे वैरी नाही. बीटी आपण हौसेने पेरले आणि सुरुवातीची वर्षे हिरव्या बोंडअळीपासून सुटकाही झाली. पण २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने शेतेच्या शेते उद्ध्वस्त केली. दोष जनुकात नव्हता, तो व्यवहारात होता. इतर देशांत बीटी सरळ वाणांतही आले. आपल्याकडे ते संकरित बियाण्यातच विकले गेले, म्हणजे सरकी ठेवायची सोय नाही आणि दर मृगाला पाकीट विकत घेणे भाग. २०२५ च्या हंगामात ४७५ ग्रॅमच्या बीजी-२ पाकिटाची सरकारने ठरवलेली कमाल किंमत ९०१ रुपये होती. अकोला आणि परभणीच्या विद्यापीठांनी बीटीची सरळ वाणेही काढली आहेत. ती गावच्या दुकानात मुबलक का मिळत नाहीत, याचा जाब विचारला पाहिजे.

देशी कपाशीचे गुण आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. मूळ खोल जाते, हलक्या रानात तग धरते, तुडतुडे-मावा कमी लागतो, फवारणीचा खर्च वाचतो. दोषही सांगतो, कारण आम्हाला देशीची पूजा मांडायची नाही. बोंड लहान, धागा बहुधा आखूड, उमललेला कापूस लवकर गळतो, म्हणून वेचणीला घाई करावी लागते. बोंडअळी देशीला लागतच नाही, असेही नाही. पण हे दोष निवडीने कमी होतात. परभणीच्या मेहबूब बाग केंद्राने देशीतूनच लांब धाग्याची 'पीए २५५', 'पीए ४०२' अशी वाणे काढून दाखवली.

मग ती शिवारात का नाहीत? व्यापारी म्हणतो, देशीची वेगळी गाठ बांधणार कोण, टाका सगळ्यात. सगळ्यात टाकले की भाव पडतो आणि भाव पडला की वाण मरते. 'देशी लावा' असा उपदेश करून मोटारीतून परत जाणाऱ्यांना आमचा एवढाच सवाल आहे: खरेदी कोण करणार, कोणत्या भावाने?

ज्वारीने याचे उत्तर दिले आहे. खरिपात संकरित ज्वारी आली आणि गावठी वाणे हटली. रब्बीत मात्र १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यात मोहोळला स्थानिक माळदांडीतून निवडलेले 'एम ३५-१' आजही रानात उभे आहे. जमिनीतल्या ओलीवर येते, कडबा देते, भाकरी गोड लागते. मुख्य म्हणजे गिऱ्हाईक तिला नावाने ओळखते. केंद्रानेही माळदांडीचा हमीभाव संकरित ज्वारीपेक्षा वेगळा ठेवला, २०२५-२६ साठी ३७४९ रुपये. तेवढाही अनेकांच्या हाती पडत नाही, तो लढा वेगळा. पण ज्या वाणाला नाव राहिले, त्याला भाव मागता येतो.

वाण बदलले की सगळे भागले, असेही आम्ही म्हणत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि वेचणीच्या तोंडावर भाव दाबला. असा घाव कोणतेच वाण सोसू शकत नाही.

म्हणून या बैठकीत आमच्या तीन मागण्या. पहिली, देशी आणि सरळ वाणांचे बियाणे पेरणीआधी तालुक्याला मिळाले पाहिजे. दुसरी, खरेदी केंद्रावर देशी कापसाची वेगळी प्रत आणि वेगळा भाव. तिसरी, वाणांच्या चाचण्या विद्यापीठाच्या भिजवलेल्या वावरात नकोत. त्या आमच्या मुरमाड रानात, आमच्या देखत झाल्या पाहिजेत.

आणि एक काम आपले स्वतःचे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा हक्क दिला आहे. ब्रँड लावून विकायचे नाही, एवढीच अट. चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये धानाच्या बांधीत वेगळ्या लोंब्या हेरल्या आणि 'एचएमटी' हे तांदळाचे वाण देशाला दिले. तेही अल्पभूधारकच होते.

यंदा खंड पडेल तेव्हा वावरात फिरा. शेजारची झाडे माना टाकत असताना जे देशी झाड ताठ उभे राहील, त्याला चिंधी बांधा. निरोगी बोंडे वेगळी वेचा, सरकी हाताने काढा, जिनिंगमध्ये मिसळू देऊ नका. शेजारच्या बीटीची भीती नको, अमेरिकन आणि देशी कपाशीचा संकर सहजी होत नाही. ज्वारीची कणसे धुऱ्याकडची नको, वावराच्या मधली निवडा. मायबहिणींनी आजवर घरचे बियाणे राखले, त्यांना या कामात पुढे ठेवा. पुढच्या बैठकीला येताना मूठभर सरकी आणि चार कणसे, वाणाच्या नावासकट, घेऊन या.

नौपाड्यातल्या गिऱ्हाइकाने उद्या सदरा घेताना विचारले पाहिजे, 'गावराणीचा आहे का?' त्याने ते विचारावे, यासाठी आधी आपल्याला ते नाव आठवले पाहिजे.