हे गुपित पोटात ठेवू नका

"तुला माहीत होतं?"

नर्सिंग होमच्या बाकड्यावर बसलेल्या काकूंनी मला एवढंच विचारलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. आत त्यांची मुलगी, म्हणजे माझी मैत्रीण, सलाइन लावून पडली होती. भाईंदर स्टेशनच्या पुलावर तिला चक्कर आली आणि आम्ही तिला रिक्षात घालून इथं आणलं. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढायला सांगितला. पोटॅशियम फार खाली गेलं होतं. मग त्यांनी काकूंना विचारलं, "हिला वारंवार उलट्या होतात का?"

काकूंना माहीत नव्हतं. मला होतं. सात महिन्यांपासून.

एका दुपारी मी तिच्याकडे मिरा रोडला अभ्यासाला गेले होते. घरात आम्ही दोघीच. जेवलो, त्यानंतर तिनं बिस्किटं, ब्रेड, फ्रिजमधला कालचा भात असं जे मिळेल ते, जणू कुणी मागे लागल्यासारखं खाल्लं. मग ती बाथरूममध्ये गेली. वन बीएचकेत काय लपणार? बाहेर आली तेव्हा डोळे लाल झाले होते. तिनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "कुणाला सांगू नकोस. तुला माझी शपथ."

मी शपथ पाळली. मला वाटलं, मी खूप चांगली मैत्रीण आहे.

आज हे लिहायची परवानगी तिनंच दिलीय, नाव न घालण्याच्या अटीवर. आणि मला जे म्हणायचंय ते सरळ आहे: या आजाराच्या बाबतीत गुपित राखणं ही मैत्री नाही.

आजाराचं नाव बुलिमिया. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'बैलाएवढी भूक'. थोड्या वेळात प्रचंड खायचं, खाताना हात थांबतच नाही असं वाटायचं, आणि मग वजन वाढेल या भीतीनं ते 'काढून टाकायचं'. कुणी उलटी करतं, कुणी पोट साफ करायच्या गोळ्या घेतं, कुणी दोन-दोन दिवस उपाशी राहतं, कुणी जिममध्ये अंग मोडेपर्यंत व्यायाम करतं. त्यानंतर येते लाज. लाजेतून पुन्हा कडक डाएट, डाएटमधून पुन्हा भूक, आणि चक्र परत सुरू. आठवड्यातून एकदा तरी असं घडत असेल आणि ते तीन महिने चालू असेल, तर डॉक्टर त्याला बुलिमिया म्हणतात. लग्नात जास्त जेवलो आणि दुसऱ्या दिवशी ताकावर राहिलो, त्याला नाही.

१९७९ मध्ये लंडनच्या जेराल्ड रसेल या मानसोपचारतज्ज्ञानं या आजाराचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं. 'हा परदेशी मुलींचा आजार' असं अजूनही आपल्याकडे ऐकू येतं. अभिनेत्री ऋचा चढ्ढानं आपल्याला बुलिमिया झाला होता हे टेडएक्सच्या मंचावर उघड सांगितलं. 'दंगल'वाली फातिमा सना शेखही त्याबद्दल बोलली आहे. ब्रिटनच्या डायनानं तर १९९५ मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत सांगितलं होतं. पडद्यावर किंवा फोटोत बघून यातली एकही आजारी वाटली नसती.

खरी फसगत इथंच होते. बुलिमिया झालेल्या पुष्कळ जणांचं वजन अगदी नॉर्मल असतं. आपण वाट बघत बसतो की ती हाडाची काडी झाली की मग बोलू. ते होतच नाही. नुकसान बाहेर नाही, आत चालू असतं.

काय होतं आत? उलटी आणि जुलाब यांतून फक्त अन्न जात नाही. पाणी जातं, सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम जातं. हृदयाचे ठोके नीट पडायला पोटॅशियम लागतं. ते फार कमी झालं की ठोका चुकतो, आणि काही वेळा हृदय थांबतंही, विशी-बाविशीतसुद्धा. पोटातलं आम्ल वरचेवर तोंडात आल्यानं दातांचं एनॅमल झिजतं, ते परत येत नाही. कानाखालच्या लाळग्रंथी सुजतात, गाल फुगल्यासारखे दिसतात, आणि 'चेहरा जाड दिसतोय' म्हणून बिचारी आणखी कमी खाते. अन्ननलिकेला चीर पडून रक्त येऊ शकतं. पाळी अनियमित होते. किडनीवर ताण येतो.

आणि ज्यासाठी हे सगळं, ते साध्यही होत नाही. पोट साफ करायच्या गोळ्या काम करतात मोठ्या आतड्यात. अन्नातल्या बहुतेक कॅलरीज त्याआधीच, लहान आतड्यात शोषल्या गेलेल्या असतात. काट्यावर कमी दिसतं ते पाणी. दोन ग्लास प्यायलं की आकडा जागेवर.

मग हे घरच्यांना कसं कळत नाही? काकूंना मी मनात दोष द्यायचे. आता देत नाही. मिरा-भाईंदरमधल्या कितीतरी घरांचं वेळापत्रक सारखंच आहे. आई-बाबा सकाळची लोकल पकडून अंधेरी, दादर, चर्चगेट गाठतात आणि घरी परततात रात्री आठ-नऊला. आपलं कॉलेज दुपारी सुटतं. मधले पाच-सहा तास घर रिकामं. रात्री सगळे एकत्र पोळी-भाजी खातात, तेव्हा सगळं आलबेल दिसतं. दिवसभराचं खाणं आपण मित्रमैत्रिणी सोबत खातो. कँटीनमध्ये, स्टेशनबाहेर, एकमेकांच्या डब्यातून. म्हणून जे आई-बाबांना दिसत नाही ते आपल्याला दिसतं.

शिवाय आपल्याकडे 'उपवास आहे' म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. चतुर्थी, एकादशी, नवरात्र, पर्युषण. आपल्या शहरात प्रत्येक बिल्डिंगमध्ये कुणाचा ना कुणाचा उपवास असतोच. उपवासात काही वाईट नाही. पण उपवास सोडायची वेळ आली की जिच्या चेहऱ्यावर आनंदाऐवजी धास्ती दिसते, तिच्याकडे जरा लक्ष द्या. जेवण झाल्या झाल्या दरवेळी गायब होणं, बोटांच्या सांध्यांवर घट्टे, गार पाण्यानं दात शिवशिवणं, ग्रुपमध्ये खायला यायचं सारखं टाळणं, आरशासमोर स्वतःबद्दल घाणेरडं बोलणं, यातली एखादी गोष्ट असली म्हणजे आजारच आहे असं नाही. तीन-चार एकत्र दिसल्या तर विचारा. मुलांनाही विचारा. चीट डे, मग दोन दिवस शिक्षा म्हणून उपाशीपोटी दुप्पट वर्कआउट, याला आपण 'डेडिकेशन' म्हणतो. तो मुलगा आहे म्हणून कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आणि एक कबुली. त्या सात महिन्यांत गरब्याच्या आधी तिचा चनियाचोलीचा ब्लाउज सैल झाला, तेव्हा "सॉलिड बारीक झालीस गं!" असं म्हणणाऱ्यांत मी पहिली होते. मला माहीत असूनसुद्धा. नंतर ती मला म्हणाली, "त्या दिवशी वाटलं, चाललंय ते बरोबरच चाललंय." आपण आजाराला शाबासकी देतो. 'जाडी', 'पापड', 'टुणटुण' ही नावं बंद करायलाच हवीत, पण 'बारीक झालीस' हे कौतुकही बंद करूया. भेटल्यावर बोलायला वजनाशिवाय विषय नाहीत का आपल्याकडे?

आता प्रश्न, बोलायचं कसं. एकटी असताना, जेवणाच्या वेळी नाही, चारचौघांत तर अजिबात नाही. जे पाहिलं तेवढंच सांगा. "जेवलीस की तू आत जातेस आणि रडल्यासारखी बाहेर येतेस. मला तुझी काळजी वाटते." इतकं पुरतं. "अगं, तू कुठे जाडी आहेस?" हे नको, कारण त्यातही विषय वजनाचाच राहतो. "नीट खा ना, त्यात काय एवढं" हेही नको. तिच्या हातात असतं तर तिनं कधीच थांबवलं असतं. तिच्या ताटावर आणि बाथरूमच्या दारावर पहारा ठेवू नका. तुम्ही वॉचमन नाही, आणि डॉक्टरही नाही.

ती चिडेल. "तुझा काय संबंध?" म्हणेल. कदाचित महिनाभर बोलणार नाही. ही भीती खोटी नाही, मला तीच होती. पण हिशोब मांडा: एका बाजूला रुसवा, दुसऱ्या बाजूला तो ईसीजी. रुसवा काढता येतो.

"मग ही चुगली नाही का?" असं एका ज्युनिअरनं मला विचारलं. ग्रुपवर टाकलं तर चुगलीच. ज्याला मदत करता येईल अशा एकाच माणसाला सांगितलं, आणि सांगण्याआधी तिला तसं सांगितलं, तर नाही. मी आता असं म्हणेन: "या आठवड्यात आपण दोघी डॉक्टरकडे जाऊ. तू नाही आलीस तर मी काकूंशी बोलणार. तुझ्या मागे नाही, तुला सांगून." घरी सांगणं धोक्याचं असेल तर एखादी मावशी, मोठी ताई, भरवशाच्या मॅडम किंवा कॉलेजचे समुपदेशक. मात्र बेशुद्ध पडणं, छातीत धडधड किंवा जोरात दुखणं, उलटीत रक्त, किंवा 'जगायचंच नाही' अशी भाषा, यांपैकी काही असेल तर आठवडा नाही, एक मिनिटही थांबू नका. १०८ ला फोन लावा किंवा थेट कॅज्युअल्टी गाठा.

एरवी सुरुवात १४४१६ या नंबरपासून करता येते. ही टेली-मानस हेल्पलाइन, केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली. दिवसरात्र चालू, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही मित्र म्हणूनही फोन करू शकता. खासगी डॉक्टरांची फी परवडत नसेल तर मुंबईतल्या पालिकेच्या केईएम, नायर, सायन, कूपर या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. आपल्या लाइनवर नायरला मुंबई सेंट्रल, कूपरला विलेपार्ले. केसपेपरच्या रांगेत एकटीनं उभं राहणं नको वाटतं, म्हणूनच सोबत जायचं.

उपचार आहेत आणि ते लागू पडतात. विचारांची आणि खाण्याची साखळी तोडायला शिकवणारी सीबीटी ही पद्धत यात सर्वांत जास्त वापरली जाते. साधारण वीस बैठका, चार-पाच महिने. कधी जोडीला औषध दिलं जातं, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. रक्ततपासणी आणि दातांची तपासणी मात्र आधी. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नये, साध्या पाण्यानं चूळ भरावी, ही छोटी गोष्टही आम्हाला दातांच्या डॉक्टरांकडेच कळली.

माझी मैत्रीण आता बरी आहे. 'एकदम ठणठणीत' असं मी लिहिणार नाही. परीक्षेच्या दिवसांत दोनदा घसरली आणि दोन्ही वेळा तिनं स्वतः फोन केला. फरक पडलाय तो एवढाच, पण तो मोठा आहे. काकू मला अजून डबा देतात. त्या दिवसाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

तुमच्यापैकी कुणाचा तरी हात कुणीतरी असाच धरेल आणि शपथ घालायला लागेल. तिला मध्येच थांबवा. "शपथ नको घालूस. मी कुठेही जात नाही, पण हे मी पोटात ठेवणार नाही. चल, दोघी जाऊ."