जुने घर आणि चित्रकाराची खोली

जुन्या घराच्या दुरुस्तीचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा गळकी कौले, वाळवी लागलेले वासे, न्हाणीघर आणि वाढते कुटुंब यांभोवती फिरते. घरात कोणी चित्रे काढत असेल, तर त्याची सोय सर्वांत शेवटी, उरल्या जागेत होते. पडवीचा एखादा कोपरा किंवा माळा त्याच्या वाट्याला येतो. वास्तविक घर वाढवताना कलेच्या कामाची खोली आराखड्यात आरंभीच धरली पाहिजे, असे आमचे मत आहे. त्यासाठी इंग्लंडमधील एका शेतघराचा दाखला द्यावासा वाटतो.

व्हर्जिनिया वुल्फ यांचे 'अ रूम ऑफ वन्स ओन' (१९२९) स्त्रीवादी समीक्षेच्या निमित्ताने आपण वर्गात शिकवतो. त्यांच्या थोरल्या भगिनी व्हनेसा बेल या चित्रकार होत्या. १९१६ साली त्या चित्रकार डंकन ग्रँट यांच्यासह ससेक्समधील चार्ल्स्टन या शेतघरात राहावयास आल्या. तेथील भिंती, दारे, टेबले या दोघांनी रंगवून काढली. पुढे १९२५ साली, जेथे कोंबड्या ठेवल्या जात त्या जागी, रॉजर फ्राय यांच्या आराखड्यानुसार मूळ घराला जोडून स्टुडिओ बांधला गेला. घर भाड्याचे होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. स्वतःच्या मालकीचे नसलेले घरही कामासाठी वाढवावे, इतके त्या कामाचे मोल त्या घरात मानले जात होते.

याहून बोलकी गोष्ट पुढची आहे. या स्टुडिओत दोघेही काम करीत. मात्र १९३९ साली घरात पुन्हा फेरफार झाले, तेव्हा व्हनेसा बेल यांनी वरच्या माळ्यावर स्वतःचा स्वतंत्र स्टुडिओ करून घेतला. माळा वाट्याला येणे आणि माळा निवडणे यांत मोठे अंतर आहे. वुल्फ यांनी ग्रंथात मांडलेला प्रश्न त्यांच्या भगिनीच्या घरात असा विटा-लाकडांत सोडवला गेला.

अर्थात तेथील नमुना जसाच्या तसा उचलता येणार नाही. चित्रकारास उत्तरेचा प्रकाश हवा, हा युरोपातील संकेत. पुण्याच्या अक्षांशावर मात्र मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. त्यामुळे उत्तरेच्या खिडकीलाही छज्जा हवा. कोकणातील दमट हवेत कॅनव्हासला बुरशी धरते, तेव्हा वारा खेळता ठेवणे अगत्याचे. छपरात काचेची चार कौले बसवली तरी जुन्या घराचे रूप न बिघडता खोली उजळते.

खर्चाचा आक्षेप घेतला जाईल. परंतु पाहुण्यांसाठी वर्षाकाठी चार दिवस उघडणारी खोली बांधताना तो कोणी घेत नाही. विशेषतः घरातील स्त्री चित्रे काढत असेल, तर तिचे काम 'छंद' ठरवून स्वयंपाकघराच्या वेळापत्रकात बसवले जाते. घराचा आराखडा म्हणजे कोणाचे काम काम मानायचे, याचा कुटुंबाने केलेला निवाडाच असतो. तो निवाडा गवंडी येण्यापूर्वी, विचारपूर्वक केला जावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.