बाईंच्या पेन्शनचा हिशेब



कोलंबसला आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. एकतीस वर्षे सरकारी शाळेत विज्ञान शिकवून त्या २००९ मध्ये निवृत्त झाल्या. आपल्याकडे शिक्षिकेला 'बाई' म्हणतात, म्हणून मीही मनातल्या मनात त्यांना बाईच म्हणतो. हिवाळ्यात त्यांच्या दारातला बर्फ मी काढतो. त्याबद्दल मला कॉफी मिळते, आणि 'तू आकडेमोडीतला माणूस, जरा हे वाचून सांग' म्हणून पेन्शन फंडाच्या कागदांचा गठ्ठा.

हे कागद वाचण्यापूर्वी माझी समजूत अशी, की अमेरिकेत प्रत्येकाला सोशल सिक्युरिटी मिळते आणि शिक्षकांची पेन्शन ही वरची साय. ओहायोत तसे नाही. इथले सरकारी शाळांतले शिक्षक सोशल सिक्युरिटीत नसतातच. त्यांचे म्हातारपण १९२० पासून चालत आलेल्या एका फंडावर, एसटीआरएसवर, अवलंबून असते. पगाराचे १४ टक्के शिक्षक भरतो, १४ टक्के शाळा. बाईंचे यजमान खाजगी नोकरीत होते. ते गेल्यावर त्यांच्या सोशल सिक्युरिटीतला विधवेचा वाटाही बाईंना नीट मिळाला नाही, कारण सरकारी पेन्शन असलेल्यांचा तो वाटा कापण्याचा कायदा होता. तो जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा मूळ पेन्शनच्या ३ टक्के इतकी वाढ दरवर्षी मिळत असे. २०१२ च्या कायद्याने ती २ टक्के झाली. २०१७ मध्ये फंडाच्या मंडळाने ती शून्यावर आणली, आणि पाच वर्षे ती शून्यावरच राहिली. त्या पाच वर्षांत अमेरिकेतली महागाई सुमारे २१ टक्क्यांनी वाढली. म्हणजे हजार डॉलरची पेन्शन कागदावर हजारच, पण दुकानात सव्वाआठशेची. २०२२ मध्ये एकदाच ३ टक्के मिळाले.

माझी आई सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली. तिच्या पेन्शनमागे फंड नाही, गुंतवणूक नाही. सरकारी तिजोरीतून पैसे येतात आणि महागाई भत्ता वाढला की पेन्शनही वाढते. बाईंची हकिगत फोनवर सांगितली तेव्हा तिने विचारले, 'अरे, पण अमेरिकेत?' मावसभाऊही शिक्षक आहे, पण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेला. त्याच्या पगारातून कापलेला पैसा बाजारात जातो. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी महाराष्ट्रात संप झाला, त्यात तोही होता. त्याला अमेरिकेचे नवल वाटले नाही.

आता मंडळाची बाजू. २००८ च्या कोसळण्यात फंडाला मोठा खड्डा पडला, माणसे जास्त जगू लागली, आणि गुंतवणुकीवर मिळणाऱ्या परताव्याचा अंदाज कमी करावा लागला. हे सगळे खरे आहे. वाढ थांबवणे कदाचित अटळही असेल. बाईंसारखी माणसेसुद्धा हे ऐकून घेतात. त्यांचे दुखणे वेगळे आहे. आमच्या ताटातले कमी करताना बाकीच्यांच्या ताटात काय वाढले जात होते, हे त्यांना बघायचे आहे.

पांडा पॉवर नावाच्या वीजप्रकल्पांच्या फंडात एसटीआरएसने घातलेले सुमारे ५२ कोटी डॉलर जवळपास सगळे बुडाले. २०२१ मध्ये ओहायोच्या निवृत्त शिक्षकांच्या संघटनेने वर्गणी काढून एडवर्ड सीडल या माजी एसईसी वकिलाकडून फंडाची तपासणी करवली. अहवालाचे शीर्षकच 'गुप्ततेची मोठी किंमत' अशा अर्थाचे होते. खाजगी इक्विटीच्या व्यवस्थापकांना खरोखर किती पैसे दिले जातात ते कळत नाही, करारांची पाने व्यापारी गुपित म्हणून झाकली जातात, हा त्यातला मुख्य आक्षेप. राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२२ च्या अखेरीस आपला अहवाल दिला, त्यात मात्र अफरातफरीचा पुरावा सापडला नाही. पारदर्शकता वाढवा, असे त्यांनीही सुचवले. त्याच २०२२ मध्ये फंडाचा परतावा उणे असताना गुंतवणूक कर्मचाऱ्यांना सुमारे १ कोटी डॉलरचा बोनस मंजूर झाला होता. कारण काय, तर ठरवलेल्या मापदंडापेक्षा तोटा कमी झाला!

इथे माझ्यातला संशोधक अडखळतो. प्रयोगशाळेत मी माझा कंट्रोल स्वतःच, माझ्या सोयीने निवडला, आणि कच्ची आकडेवारी 'व्यापारी गुपित' म्हणून कुणाला दाखवली नाही, तर कुठले नियतकालिक माझा निबंध छापेल? खाजगी इक्विटीला रोजचा बाजारभाव नसतो. तिची किंमत बहुतेक वेळा तीच मंडळी सांगतात, ज्यांची फी त्या किमतीवर अवलंबून असते. अशा आकड्यांवरून 'मापदंड ओलांडला' म्हणायचे आणि त्यावर बोनस द्यायचा, यात कायदा मोडत नसेलही. पण याला मोजमाप म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हाच नियम सुधारणावाद्यांनाही लागू आहे, आणि हे मी बाईंना कॉफी पिताना सांगितले (कॉफी थोडी कडू झाली). मे २०२४ मध्ये ओहायोच्या अॅटर्नी जनरलनी मंडळावरच्या दोन सुधारणावादी सदस्यांना दूर करण्यासाठी दावा लावला. एका छोट्या, अनुभव नसलेल्या कंपनीकडे फंडाचे अब्जावधी डॉलर सोपवण्याचा त्यांचा प्रयत्न होता, असा आरोप होता. दोघांनी तो नाकारला. खरेखोटे ठरवणे न्यायालयाचे काम. पण गांजलेल्या माणसाला गुप्त सूत्र विकणारे लगेच भेटतात. जुन्या गुप्ततेला नवी गुप्तता हे उत्तर नव्हे.

मग उत्तर काय? प्रत्येक व्यवस्थापकाला दिलेली पूर्ण फी, नफ्यातल्या वाट्यासकट, दरवर्षी जाहीर करा. मापदंड ठरवण्याचे काम बोनस घेणाऱ्यांच्या हातून काढा. साध्या निर्देशांक फंडात हेच पैसे ठेवले असते तर काय झाले असते, ते शेजारच्या रकान्यात छापा. ९० अब्ज डॉलरहून मोठ्या फंडाला एवढे जड जाऊ नये.

उलट झाले ते असे. अकरा जणांच्या मंडळावर सात सदस्य शिक्षकांनी आणि निवृत्तांनी निवडून दिलेले असत. २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात, पेन्शनशी संबंध नसलेल्या शेकडो कलमांच्या गर्दीत, ही संख्या टप्प्याटप्प्याने तीनवर आणण्याची तरतूद घातली गेली. उरलेले आठ नेमलेले. निवृत्तांनी सभांना गर्दी केली, प्रश्न विचारले, मतपेटीतून माणसे बदलली. त्यावर हे उत्तर मिळाले.

आपल्यापैकी काहीजण ओहायोतल्या विद्यापीठांत शिकवतात, काहींच्या घरी कुणी शाळेत शिकवते. तुम्ही याच फंडात असाल. फंडाकडून येणारी जाड पाकिटे न उघडता रद्दीत टाकू नका. बाईंच्या मंडळींना फीच्या रकान्यांची बेरीज तपासून देणारी दोनचार माणसे हवी आहेत. मी एक आहे. आणखी कुणाला वेळ असेल तर मला कळवा. गठ्ठा मोठा आहे.