मुळशीच्या मातीतून सत्तेच्या पडद्याकडे

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ‘मुळशी पॅटर्न’ प्रदर्शित झाला आणि पुणे जिल्ह्यातील एका तालुक्याचे नाव राज्यभर सर्वतोमुखी झाले. लेखन, दिग्दर्शन आणि खलनायकी छटेच्या नान्याभाईची भूमिका अशी तिहेरी जबाबदारी पेलणारे प्रवीण तरडे हे मूळचे मुळशीचेच. महाविद्यालयीन एकांकिकांतून पुढे आलेल्या या कलावंताचा २०१५ च्या ‘देऊळ बंद’मध्येही मोलाचा वाटा होता, परंतु त्यांची खरी ओळख ठरली ती जमिनीची गोष्ट सांगणारा दिग्दर्शक म्हणून.

ही गोष्ट मुळशीला नवी नव्हती. टाटा कंपनीच्या वीजप्रकल्पासाठी मुळा नदीवर धरण बांधण्यास विरोध करीत १९२१ मध्ये येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभला. सेनापती बापट त्याचे नेते होते. १९२४ पर्यंत लढा चालला. अखेर धरण झाले, गावे बुडाली आणि वीज मुंबईकडे गेली. त्या वेळी जमीन सक्तीने गेली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहू लागले, परिसरातील जमिनींना सोन्याचा भाव आला आणि सातबाऱ्यावरची नावे झपाट्याने बदलली. या वेळी अनेकांची जमीन खरेदीखतावर सही करून गेली. पैसा आला, पण तो टिकविण्याचे शिक्षण आणि नव्या उद्योगात शिरण्याचे कौशल्य त्याच्यासोबत आले नाही.

नेमकी हीच पोकळी ‘मुळशी पॅटर्न’ने दाखविली. जमीन विकून शहरात मोलमजुरी करणारा बाप (मोहन जोशी) आणि गुन्हेगारीत शिरणारा मुलगा (ओम भूतकर) यांच्यातील ताण हा त्याचा गाभा. चित्रपटाचा इशारा स्पष्ट होता. तथापि अनेक तरुणांच्या मनात ठसला तो इशाऱ्याऐवजी नायकाचा दरारा, हे दुर्दैव मान्य करावे लागेल. २०२१ मध्ये महेश मांजरेकर यांनी ‘अंतिम’ या नावाने त्याचे हिंदी रूपांतर केले, तेव्हा प्रसिद्धीचा झोत सलमान खान यांच्यावर स्थिरावला; जमिनीचा प्रश्न मागे पडला.

पुढे तरडे यांची वाटही बदलली. मे २०२२ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने त्यांचे दोन चित्रपट आले. शिवसेना नेते आनंद दिघे यांच्यावरील ‘धर्मवीर’ आणि त्यांनी स्वतः शीर्षक भूमिका केलेला ‘सरसेनापती हंबीरराव’. पुढच्याच महिन्यात शिवसेनेत फूट पडली. ‘धर्मवीर २’ प्रदर्शित झाला तो सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर. साहजिकच या चित्रपटांची चर्चा कलेपेक्षा राजकारणाच्या अंगाने अधिक झाली.

कलावंताने कोणता विषय निवडावा, हा त्याचा अधिकार आहे. इतिहासपुरुषांच्या आणि लोकनेत्यांच्या गौरवगाथांना प्रेक्षकही आहे. परंतु अशा गाथा सांगणारे अनेक आहेत. सातबारा हातातून निसटताना घरात काय घडते, हे आतून जाणणारे दिग्दर्शक मोजकेच. विकलेल्या जमिनीवरच्या इमारतींत पहारा देणारा मूळ मालक, सही करताना जिचे मत कोणी विचारले नाही ती त्याची पत्नी, अशा कितीतरी कथा मराठी पडद्याबाहेरच आहेत. त्या सांगण्याची ताकद तरडे यांनी एकदा सिद्ध केली आहे. म्हणूनच मुळशीची त्यांच्याकडून असलेली अपेक्षा अद्याप संपलेली नाही.